सव्वासातचा निरोप

“ह्यो कागद वाचा हवालदार, आणि मग सांगा, मी गप बसायचं का?”

नाथाजीरावांनी कागद टेबलावर आपटला तेव्हा हवालदार नानासो गुडघ्याला तेल चोळत होते. नव्याण्णव साल, शनिवारची सकाळ, सांगलीतली विश्रामबागेची पोलीस चौकी. गुडघे गुरुवारपासून ठणकत होते. त्या दिवशी रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली, दुपारी चार ते रात्री नऊ विश्रामबागेतले फोन मुके झाले, आणि साहेबांचे निरोप घेऊन सायकल मारायला कोण? तर नानासो. नोकरीचे तीन महिने उरले होते, तरी जिवाला सुख म्हणून नाही.

त्यांनी चष्मा लावला. मजकूर मराठी, पण अक्षरं इंग्रजी. अडखळत वाचलं: “आम्ही फुकट सॉफ्टवेअर देतोय, तरी त्या नाथाजीला अक्कल येत नाही. चेअरमन कसला, गुऱ्हाळाचा बैल! — अनीश. गुरुवार, सायंकाळी ७.१५.”

“बैल!” नाथाजीराव म्हणाले. “कुंडलच्या बाजूला आमची शाळा. ह्या मास्तरच्या शब्दावर धा कॉम्प्युटर घेणार हुतो, वर इंटरनेट. सोमवारी मीटिंग हाय. ह्येला कायम करायचा ठराव हुता, आता हाकलायचा हाय. तुमी त्येवढी केस करा.”

बाकावर अनीशमास्तर बसले होते. मूळचे वाईचे, तिशीचे, आठ वर्षं हंगामी. नानासोंनी त्यांना जवळ बोलावलं.

“तुमी लिवलं?”

“नाही.”

“खाली नाव तुमचं हाय.”

“नाव माझं आहे, शब्द माझे नाहीत.”

“गुरुवारी सव्वासातला कुठं होता?”

“शाळेच्या ऑफिसात. फोनजवळ.”

“बघा!” नाथाजीराव उठलेच. “आमच्या शिपायानं डोळ्यानं बघितलंय!”

“बसलो होतो, पण कट्ट्याचा नंबर लागलाच नाही. दहा वेळा फिरवला.”

“असं समदीच म्हणत्यात,” नानासो म्हणाले. “ह्यो कट्टा म्हंजे काय परकार?”

अनीशनं सांगितलं. विश्रामबागेतच, चौकीच्या हद्दीत, निवृत्त गोपाळकृष्ण सरांच्या घरी एक कॉम्प्युटर होता, त्याला एक टेलिफोन जोडलेला. ज्याच्याकडे मॉडेम, म्हणजे कॉम्प्युटर फोनला जोडायची डबी, असेल त्यानं आपल्या घरून तो नंबर फिरवायचा आणि सरांच्या कॉम्प्युटरवर निरोप लिहून ठेवायचा. दुसऱ्यानं फोन लावून तो वाचायचा आणि उत्तर लिहायचं. कराडपासून मिरजेपर्यंतची चाळीसेक माणसं असं करत.

“एवढं बोलता तरी काय?”

“कॉम्प्युटर चालवायला लिनक्स चांगलं की विंडोज. प्रोसेसर कुठला घ्यावा, कुठला मॉडेम लिनक्सवर चालतो...”

“आणि ह्याच्यावरनं भांडता?”

“चार वर्षं.”

बांधावरनं डोकी फोडणारी माणसं शहाणी म्हणायची, असं नानासोंना वाटलं. त्यांना जांभई आली. “लिनक्स म्हंजे ते फुकटचं, व्हय?”

“फुकट नव्हे हवालदार, मुक्त. आतली रचना उघडी असते. कुणीही बघावी, दुरुस्त करावी, दुसऱ्याला द्यावी. किमतीचा प्रश्नच नाही त्यात.”

अरे, तुझी नोकरी चाललीय आणि तू माझं मराठी सुधारतोस? नानासोंना रागच आला. मग मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, “कायम झालो की सांगलीत खोली घेऊन आईला आणणार होतो. वाईला एकटीच असते हो ती.” मग मात्र नानासोंनी टोपी उचलली.

कागद नाथाजीरावांकडे पोचवला होता मुकुलनं. त्याचं गावभागात कॉम्प्युटरचं दुकान.

“नेला की,” मुकुल म्हणाला. “लपवू कशाला? त्या शाळेला विंडोजसकट दहा मशीन मी देणार होतो. हे महाराज मध्ये तडमडले.”

“मग निरोपबी तुमीच लिवला.”

“मी? मला अनीशला शिव्या घालायच्या असल्या तर रोज माझ्या नावानं घालतो! आणि ज्याचा पासवर्ड त्यालाच माहीत असतो, हवालदार. शुक्रवारी सकाळी कट्टा उघडला, वाचलं, छापलं, नेलं.”

“गुरुवारी संध्याकाळी?”

“मिरजेला लग्नात. पंगतीत जिलेबी वाढत होतो, दोनशे माणसं साक्षीला आहेत.”

कट्ट्यावरची भांडणं छापून जपून ठेवायची त्याला हौस. महिन्याभराच्या कागदांचा गठ्ठा त्यानं पुढे टाकला. नानासो तासभर वाचत बसले. डोळ्यांत पाणी यायला लागलं. मुकुल लिहायचा, ‘तुमचा फुकटा माल तुम्हालाच लखलाभ.’ खाली अनीश: ‘फुकट नव्हे, मुक्त.’ कराडचा कुणी लिहायचा, ‘फुकट ते पौष्टिक.’ खाली अनीश: ‘मुक्त!’ पानोपान तेच.

बुधवारच्या पानावर अनीशचा लांब निरोप होता. ‘शाळेत इंटरनेट आलं की हा कट्टा बंद करू. एका टेलिफोनसाठी रांग कशाला? सगळे इंटरनेटवरच भेटू. सरांनाही जरा विश्रांती.’ चौदा जणांनी ‘वा वा’ केलं होतं. सगळ्यांत शेवटी गोपाळकृष्ण सरांचं उत्तर: ‘बरं.’

नानासोंनी ते पान घडी करून खिशात घातलं. पुढे कुठे जायचं ते त्यांना कळलं होतं, आणि जायचं जिवावर आलं होतं.

सरांनी दार उघडलं. “ये नानासो. गुडघे काय म्हणतात?”

चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी नानासोंना विज्ञान शिकवलं होतं. नानासो नापास झाले, त्यात सरांचा दोष नव्हता. सरांच्या पत्नीला जाऊन चार वर्षं झाली होती. खोलीत कॉम्प्युटर, टेलिफोन, मॉडेम आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची सरांनी आतून आणली.

“सर, फोन एकच?”

“एकच.”

“म्हंजे एका वेळी एकच माणूस?”

“हो.”

“गुरुवारी संध्याकाळी घरात कोण होतं?”

“मी. दुसरं कोण असणार?”

“आणि बाहेरनं फोन न करता, ह्या खुर्चीत बसून निरोप लिवता येतो?”

सर खुर्चीवरची धूळ झटकायला लागले.

“गुरुवारी चार ते नऊ विश्रामबागेतला एकबी फोन चालत नव्हता, सर. माझं गुडघं साक्षीला हायत. मग सव्वासातला बाहेरनं निरोप आला कुठनं? तार तुटली की दिवा लागत न्हाई, हे तुमीच शिकवलंय. तेवढं एकच माझ्या ध्यानात ऱ्हायलं.”

“मशीनचं घड्याळ चुकलं असेल.”

“घड्याळ चुकंल. माणूस कसा चुकंल? अनीशमास्तर ‘फुकट’ लिवणारच न्हाईत. चौकीत नोकरीवर पाणी पडायला लागलंय, तरी मला म्हणाले, फुकट नव्हे, मुक्त! निरोप त्यांचा न्हाई. मुकुल मिरजेला. पासवर्ड ज्याचा त्यालाच ठावं, पर कट्टा तुमचा. कुणाच्याबी नावानं लिवायची किल्ली मालकाकडंच असणार की. आणि कट्टा बंद झाल्यावर एकटं कोण पडणार?” त्यांनी बुधवारचं पान काढून ठेवलं. “ह्ये ‘बरं’ तुमी कसं लिवलं आसंल, त्येच वाचतोय मघापासनं.”

सरांनी चष्मा काढला.

“फोन बंद आहेत हे मला माहीतच नव्हतं रे. पाच वाजले, सहा वाजले, कुणी येईना. रोज संध्याकाळी नुसती झुंबड असते. मला वाटलं, झालं, आत्तापासूनच कुणी येत नाही. तीन तास ह्या मशीनकडे बघत बसलो आणि सव्वासातला लिहिलं. वाटलं, भांडण पेटेल, इंटरनेटचं लांबेल, दोन महिने तरी मिळतील. कुणी छापून चेअरमनला नेऊन देईल, हे ध्यानातच आलं नाही; काल मुकुलनंच कट्ट्यावर लिहिलं तेव्हा कळलं. अनीश माझा सगळ्यांत लाडका पोरगा आहे, नानासो.”

“मग काल का बोलला न्हाई?”

“लाज वाटली. आणि दमलोय मी.”

“मीबी दमलोय, सर,” नानासो चिडून म्हणाले. “पर त्यो मास्तर आठ वर्षं दमलाय! सोमवारी त्येच्या पोटावर पाय यायचा हुता!”

सरांनी कागद ओढला आणि नाथाजीरावांना चिठ्ठी लिहिली. अक्षर अजून मोत्यासारखं. मग ते कट्ट्यावर लिहायला बसले. नानासो चिठ्ठी घेऊन पुन्हा सायकलवर.

चौकीत नाथाजीरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली. खाली बसले. “म्हातारं माणूस... आता ह्येला काय म्हनायचं, सांगा!” मग अनीशकडे न बघता म्हणाले, “तक्रार माघारी घिऊया. सोमवारचा ठराव पयलाच ऱ्हाईल. पर बैल म्हनल्यालं इसरनार न्हाई मी.” अनीशनं चिठ्ठी मागून घेतली, वाचली, आणि चौकीबाहेर पडला.

उन्हं कलताना नानासो पुन्हा सरांकडे गेले. पडद्यावर सरांचा निरोप तसाच होता: ‘गुरुवारचा मजकूर मी लिहिला. अनीशला फुकट बदनाम केलं. — गोपाळकृष्ण.’ खाली काहीच नव्हतं. सरांनी चहा केला. तो निवला तरी दोघांनी उचलला नाही.

टेलिफोन खणाणला. मॉडेमनं शीळ घातली. “मुकुलच्या दुकानातून कुणीतरी फोन लावलाय,” सर शीळ ओळखून म्हणाले. पडद्यावर एकेक अक्षर उमटलं.

‘सर, इथे “फुकट” बरोबर आहे. — अनीश.’

पलीकडून फोन बंद झाला. सरांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

“त्यानं मला माफ केलं का रे?”

“ते मला कसं ठावं असणार,” नानासो गुडघा धरून उठत म्हणाले. “पर फोन तर केला की.”