खुर्ची हलवण्याआधी विचारा

निळ्या गाडीवर बादली रिकामी करून ओर्नेला दुसरी भरून आणायला वळली, तर मागे एक माणूस उभा होता. हातात प्रवासी बॅग, कानांपर्यंत ओढलेली लोकरी टोपी, आणि चेहरा इतका शांत की बघूनच राग यावा.

"पाणी घालताय?" त्यानं विचारलं.

"हो."

"गाडीला?"

"घातल्याशिवाय वाढणार कशी? मार्चपर्यंत चांगली फोफावेल."

त्यानं गाडीकडे नीट पाहिलं. संध्याकाळ उतरत होती. थंडी अशी की काचेवरून ओघळणारं पाणी बघता बघता पांढरं होऊन जागच्या जागी थांबत होतं.

"दाराची मूठ राहिली," तो म्हणाला.

ओर्नेला क्षणभर गोंधळली. या गल्लीत न मागता सल्ला देणारे पुष्कळ होते, पण इतका उपयोगी सल्ला तिला आजवर कुणी दिला नव्हता. तिनं आतून बादली भरून आणली आणि मुठीवर, कुलपावर, दाराच्या फटीवर सावकाश ओतली.

तिचा राग रास्तच होता. दक्षिण फिलाडेल्फियात बर्फ पडून गेला की ज्यानं फावड्यानं गाडीपुरती जागा मोकळी केली, ती जागा त्याची. गाडी घेऊन बाहेर जाताना तिथं घरातली एक खुर्ची ठेवायची, बस्स. कायदा हे मानत नाही, गल्ली मानते. ओर्नेलानं सकाळभर खपून घरापुढचा बर्फ उपसला होता, फाटक्या बैठकीची हिरवी खुर्ची ठेवली होती आणि नवव्या रस्त्यावरच्या बाजारात गेली होती. परत येते तर खुर्ची पायऱ्यांवर, अगदी सभ्यपणे भिंतीला टेकवलेली, आणि जागेवर ही निळी गाडी. आपली गाडी लांब लावून, पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन ती कुठून कुठून चालत आली होती. तळपायाची आग मस्तकात गेली होती ती अजून उतरली नव्हती.

"झालं?" त्या माणसानं विचारलं.

"झालं."

"मग आता एक सांगा. स्कार्पाटोंचं पाहुणेघर हेच ना? माझी खोली सांगून ठेवलेली आहे." तो जरा थांबला. "आणि गाडी माझी आहे."

ओर्नेलाच्या हातात रिकामी बादली होती. ती डोक्यावर उपडी घालून घ्यावी असं तिला वाटलं, पण रागावलेल्या माणसाला तसलं काही शोभत नाही.

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"मी पिट्सबर्गचा आहे. आमच्याकडे असं काम अर्ध्यावर थांबवत नाहीत."

पिट्सबर्ग ऐकून तिला आणखीच चेव आला. म्हणजे अडाणी पाहुणा नव्हे. तिथंही बर्फात खुर्च्याच असतात, उलट तिथं तर जास्तच. जाणूनबुजून खुर्ची हलवलीत, असं तिनं तोंडावर सुनावलं. तो म्हणाला, पिट्सबर्गचा माणूस न विचारता खुर्चीला हात लावेल का? त्यानं विचारलं होतं. मग त्यानं मान वर करून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिलं, आणि खिडकीचा पडदा घाईघाईनं मिटला.

असुंता आत्याच्या खोलीचा पडदा होता तो. आत्या वडिलांची थोरली बहीण. याच घरात जन्मली, याच घरात म्हातारी झाली, आणि फोन उचलून काय बोलली हे सांगायचं विसरण्यात तिचा हात कुणी धरला नसता. तिनंच खोली दिली होती. तिनंच खिडकीतून ओरडून सांगितलं होतं की खुर्ची उचल बाबा, गाडी लाव, आणि खोली गरम होईपर्यंत कोपऱ्यावर कॉफी पिऊन ये.

"पाहुण्याला जागा द्यायची नाही तर कुणाला?" जेवताना आत्या म्हणाली. "आणि बादल्या ओतण्याआधी तू मला विचारलंस का, पोरी?"

चूक आपली आहे हे कळल्यावर राग जायला हवा, पण ओर्नेलाचा राग असा सहजासहजी घर सोडणारा नव्हता. तो नुसता जागा शोधत राहिला. पाहुण्याचं नाव थॅड कोवालिक. तो मीटबॉलचं कालवण पावानं पुसून खात होता, आणि खाता खाता त्यानं सांगून टाकलं की तो प्रवाशांसाठी मार्गदर्शिका लिहितो. या शहरात कुठं राहावं, कुठं राहू नये, त्याची.

"कुठली मार्गदर्शिका?" ओर्नेलानं विचारलं.

त्यानं नाव सांगितलं, आणि तिला एकदम हायसं वाटलं. आता तिला रागवायला पुरेपूर हक्काचं कारण मिळालं होतं.

"'दक्षिणेत पोटभर जेवा, झोपायला मात्र मध्यवस्तीत परता.' हे तुम्ही लिहिलंत?"

थॅडचा पाव हातातच राहिला.

त्या एका ओळीनं या घराचं वाटोळं केलं होतं. लोक स्वातंत्र्याची ती तडा गेलेली प्रसिद्ध घंटा बघायला येत, दुपारी गल्लीत येऊन मांसाचे सँडविच हाणत, बोटं चाटत, आणि दिवे लागायच्या आत मोठ्या हॉटेलांकडे पळत. तीनही खोल्यांच्या चादरी धुतलेल्याच राहत. पुलापलीकडे न्यू जर्सीत राहणारा भाऊ सॅल, अर्धं घर त्याच्या नावावर. उन्हाळ्यापर्यंत खोल्या भरल्या नाहीत तर घर बिल्डरला द्यायचं, असं त्यानं बजावलं होतं. आत्याला तो आपल्याकडे नेणार होता. तिथल्या बंगल्याला पुढच्या पायऱ्याच नव्हत्या. संध्याकाळी म्हातारीनं बसायचं कुठं?

हे सगळं ओर्नेलानं त्याला सुनावलं, आणि मग विचारलं, "कितीदा झोपला होतात या गल्लीत?"

"एकदाही नाही," थॅड म्हणाला. "मी मध्यवस्तीतल्या हॉटेलात उतरलो होतो. म्हणून तर आलोय. नवी आवृत्ती निघतेय, आणि जिथं झोपलो नाही तिथलं पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलंय."

खरं बोलणाऱ्या माणसावर ओरडणं फार अवघड जातं. ओर्नेलानं ताटं उचलली आणि गरजेपेक्षा जास्त आवाज करत धुतली.

थंडी हटेना. निळी गाडी घरापुढे बर्फाच्या पेटीत बंद राहिली आणि गल्लीतली माणसं येता-जाता तिच्याकडे कौतुकानं बघत. थॅडला जायला वाट नव्हती. सकाळी तो डुकराच्या मांसाची तळलेली वडी दोनदा मागून घेई. मग दोघं लाकडी उलथनी घेऊन गाडी खरवडायला बाहेर पडत. चूक तिची होती म्हणून ती खरवडायची, आणि गाडी त्याची होती म्हणून तो. निदान आत्याला दोघांनी तसंच सांगितलं होतं.

"गादी कशी आहे?" ती काचेवरून विचारायची.

"वाईट."

"लिहा मग."

"लिहीन. कोपऱ्यावरच्या क्लबात बँजो वाजवतात, झोपमोड होते, तेही लिहीन."

"नव्या वर्षाच्या मिरवणुकीचा सराव आहे तो. या गल्लीची पोरं आहेत. तुम्हाला त्रास होतो?"

"झोप उडते," तो म्हणाला, आणि मग उलथनं थांबवून तिच्याकडे बघत राहिला. "सगळा दोष बँजोचा नाही."

तिनं काचेवरचा एक जाड पापुद्रा असा उडवला की तो त्याच्या टोपीवर जाऊन फुटला. त्यानं तो झटकलाही नाही. नाकाच्या शेंड्यावर बर्फाचा कण घेऊन तो नुसता हसला, आणि ओर्नेलाला स्वतःचा भयंकर राग आला, कारण तो कण बोटानं टिपावासा वाटला होता तिला.

रात्रीच्या जेवणानंतर आत्या हटकून लवकर झोपायला जाई. जाताना दार ओढून घेई. मग स्वयंपाकघरात कढत्या कॉफीच्या वाफेत दोघं भांडत. पिट्सबर्ग मोठं की फिलाडेल्फिया, कालवणात गाजर घालावं की नाही. एकदा कप घेताना बोटं बोटांना लागली. कप तिथंच राहिला... बराच वेळ. मग ओर्नेलानंच तो ओढून घेतला आणि ती म्हणाली, गाजर घालणारा माणूस विश्वासाचा नसतो.

एका सकाळी छपरावरून पाणी ठिबकू लागलं. ऊन पडलं. गाडीवरून बर्फाचे तुकडे घसरून रस्त्यावर फुटत होते, आणि त्या प्रत्येक आवाजाला ओर्नेला उन्हावर डोळे वटारत होती. थॅडनं बॅग गाडीत ठेवली. दार उघडं धरून तो उभा राहिला.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "मी या घराबद्दल लिहू शकत नाही."

ओर्नेलाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"गादीमुळे?"

"गादी वाईटच आहे. पण... मी लिहिलं तर खोटं लिहीन. मला आता या घरातलं सगळंच आवडतं. पायऱ्या आवडतात, बँजो आवडतो. सकाळी तुम्ही जिन्यावरून ओरडत खाली येता तेव्हा माझा दिवस सुरू होतो. मी तुमच्या प्रेमात पडलोय, ओर्नेला. अशा माणसाच्या शब्दावर कुणी खोली घेऊ नये."

आयुष्यात तिच्याशी कुणी इतकं गोड बोललं नव्हतं आणि तिला इतका संतापही आणला नव्हता.

"म्हणजे काही माहीत नव्हतं तेव्हा बिनदिक्कत लिहिलंस," ती म्हणाली, आणि 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "आणि आता माहीत झालंय तर तोंड शिवून घेणार? तुझं तत्त्व सांभाळायचं आणि आमचं घर जाऊ द्यायचं? नको लिहूस तू. मी सांगते काय लिहायचं ते. सांग त्या लोकांना, की स्कार्पाटोंकडे गादी कडक आहे. बाई तापट आहे. बँजो वाजतो, कान झाकून घ्या नाहीतर खाली जाऊन नाचा. जेवणाला नाही म्हणालात तर आत्या रुसते. घंटा बघून झाली की इथं या, पायऱ्यांवर बसा, दोन-चार जण तुम्हाला विचारतील की तुम्ही कोण, कुणाचे. मोठ्या हॉटेलात आठवडा काढलात तरी हे कुणी विचारणार नाही. आणि रस्त्यात खुर्ची दिसली तर हलवण्याआधी विचारा. ज्याला विचाराल तो माणूस घरात सगळ्यांना सांगणारा आहे ना, तेही विचारा." तिचा श्वास संपला. "आणि तू जा. पुन्हा या गल्लीत ही गाडी दिसली तर पाणी नाही, सिमेंट ओतीन."

थॅड काहीतरी बोलणार होता. ती वळून आत गेली आणि दार आपटलं. मग दाराला पाठ लावून रडली, आणि रडते आहे म्हणून पुन्हा चिडली.

उन्हाळ्याच्या तोंडावर सॅल पूल ओलांडून आला, तो हातात नवी मार्गदर्शिका घेऊनच. "हे काय सांगितलंस तू लोकांना?" त्यानं जेवणाच्या टेबलावर पुस्तक आपटलं. ओर्नेलानं वाचलं. गादी कडक, बाई तापट, बँजो, आत्याचा रुसवा, खुर्ची. शब्दाला शब्द तिचा होता, आणि वर छापलं होतं की या घराबद्दल लेखकाचं मत जमेस धरू नये, म्हणून मालकिणीचंच देत आहोत. त्याखाली आणखी एक ओळ होती. मागच्या आवृत्तीत या गल्लीत झोपू नका असं लिहिणारा माणूस इथं कधी झोपलाच नव्हता, त्याबद्दल तो दिलगीर आहे.

सॅल कपाळ धरून बसला. असं वाचून कोण येणार? तेवढ्यात फोन वाजला. आत्यानं उचलला, बराच वेळ हसली आणि खोली देऊन टाकली. तापट बाई खरंच आहे का, अशी चौकशी होती.

लोक आले. कडक गादीवर झोपले, पायऱ्यांवर बसले, आणि ओर्नेला ओरडली की एकमेकांना कोपरानं ढोसून खूश झाले. सॅलनं घर विकायचं नाव पुन्हा काढलं नाही. आत्या संध्याकाळी आपल्या पायरीवर होती. सगळं मनासारखं झालं, आणि ओर्नेलाचा राग मात्र वाढतच गेला, कारण फोन दिवसभर वाजायचा आणि त्यातला एकही पिट्सबर्गचा नसायचा. जा म्हटलं म्हणून कुणी इतकं जातं का?

हिवाळा आला. पहिला बर्फ पडला त्या दिवशी ती बाजारात अडकली. परतताना साऱ्या रस्त्यात खुर्च्या दिसत होत्या आणि ती स्वतःला शिव्या घालत होती, कारण तिनं आपली ठेवलीच नव्हती. फावडंही मारलं नव्हतं.

घरापुढची जागा मात्र लख्ख होती. कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. मधोमध हिरवी खुर्ची, आणि खुर्चीवर थॅड. टोपीवर बर्फ, मांडीवर फावडं, नाक लाल. वर खिडकीत आत्या राजरोस पडदा सारून बसली होती.

ओर्नेलानं गाडी थांबवून काच खाली केली. काय बोलावं सुचेना, म्हणून ती रागावली.

"गाडी कुठंय तुझी?"

"आणली नाही. दिसली तर सिमेंट ओतीन म्हणालीस. रेल्वेनं आलो."

"इतके दिवस?"

"तुझ्या शहराचं काम दुसऱ्याला देऊन आलो. या घराबद्दल मी आता काहीही बोलू शकतो, कुणी माझ्या शब्दावर खोली घेणार नाही."

बर्फ भुरभुरत होता. मागे कुणीतरी भोंगा वाजवला आणि ओर्नेलानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

"ही खुर्ची हलवायची आहे," ती म्हणाली. "कुणाला विचारू?"

"खुर्ची तुझीच आहे. तिच्यावर जो बसलाय..." थॅड उभा राहिला. "त्याचंही तूच ठरव."

ओर्नेलानं डोळे बाहीनं पुसले.

"खुर्ची आत ने," ती म्हणाली. "आणि तूही आतच थांब. मी गाडी लावून आले. कालवण चुलीवर आहे, त्यात गाजर घातलंस तर बघ."