डोलत्या मांडण्या

भूकंप येऊन गेला होता आणि महानगरात कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. कंपसूचना केंद्राच्या दालनात पेढे वाटले जात होते. हादरा पोहोचण्याआधीच शहरातल्या लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबून दारं उघडून उभ्या राहिल्या होत्या, भुयारी गाड्यांचा वेग उतरला होता, गॅसच्या वाहिन्या आपोआप बंद झाल्या होत्या. हर्षदा मोकाशी मात्र पेढा हातात तसाच धरून पडद्यावरच्या एका रेषेकडे पाहत होती.

ती रेषा दूर डोंगरातल्या आंबेघळ गावच्या एका घरातून, तिथल्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर बसवलेल्या डोलमापकाकडून आली होती. आधी बारीक थरथर, मग मोठाले हेलकावे, आणि मग एकदम सपाट.

"सर, हा डोलमापक बंद कसा पडला?" तिनं विचारलं.

केंद्राचे संचालक डॉ. नगरकर वाकून पाहू लागले. "बंद नाही पडला. मांडणी पडली असणार."

"कुणाच्या अंगावर?"

नगरकरांनी हातातला पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला. "चौकशी करायला सांगतो," ते म्हणाले.

हर्षदा दुसऱ्या दिवशी स्वतःच आंबेघळला गेली. आजवर ते गाव तिला पडद्यावरच्या ठिपक्यांच्या रूपातच ठाऊक होतं. सरपंच विमल शेलार तिला आपल्या जावेच्या घरी घेऊन गेल्या. सारिका शेलार खाटेवर पडून होती, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. कोपऱ्यात ती मांडणी पुन्हा उभी केलेली होती. पुरुषभर उंच, अरुंद, लोखंडी, आणि तिच्या माथ्यावर काडेपेटीएवढा डोलमापक. खालचा कप्पा चेपला होता.

"डाळ काढत होते ओ," सारिका म्हणाली. "जमीन हालली तशी ही बया अंगावरच आली. डबे, पातेली, सगळं घेऊन."

"ती मोकळी का ठेवायची, ते तुम्हाला काय सांगितलं होतं?"

विमलताई तिच्याकडे बघतच राहिल्या. "ताई, तुमच्याच माणसांनी फुकट दिल्यात ह्या घरोघर. देताना बजावून गेलेत, भिंतीला ठोकायची नाही, टेकवायचीसुद्धा नाही. भिंतीच्या ओलीनं गंज धरतो म्हणे. तुम्हाला ठावं नाही?"

गंजाचं हर्षदाला ठाऊक नव्हतं. खरं कारण मात्र ती जाणून होती.

परत आल्यावर ती तडक नगरकरांच्या खोलीत गेली.

"सर, त्या मांडण्या भिंतीला बांधायला हव्यात. एक पट्टी आणि दोन स्क्रू, एवढंच काम आहे."

"बस आधी," नगरकर म्हणाले. "भूकंपात दोन लहरी निघतात. पुढे धावते ती अग्रलहर, वेगवान पण दुबळी. मागून येते ती आघातलहर, घरं पाडणारी. अग्रलहर उगमापाशीच पकडली तर बिनतारी संदेश आघातलहरीच्या कितीतरी आधी शहरात पोहोचतो. बरोबर?"

"बरोबर."

"पण त्या खोऱ्यात धरणाचं पाणी घोंगावतं, ट्रक धावतात. जमिनीत पुरलेल्या यंत्रांना दुबळी अग्रलहर त्या गोंगाटात सापडत नव्हती. उंच, अरुंद, मोकळी उभी असलेली मांडणी म्हणजे उलटा लंबक. तळाशी केसभर हाललं की माथ्याशी बोटभर डोलतं. अशा शेकडो माथ्यांची एकत्र बेरीज केली की गोंगाट गळून जातो आणि लहर उरते. ती बेरीज तूच बसवलीस. मांडणी भिंतीला बांधलीस तर ती डोलणारच नाही. आपलं केंद्र बहिरं होईल."

"आणि आंबेघळला किती आधी सूचना मिळते, सर?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. उगमाच्या डोक्यावर राहणाऱ्यांना सूचना मिळतच नाही. तिथं दोन्ही लहरी एकमेकींच्या पाठीला पाठ लावून येतात.

"शहरात दोन कोटी माणसं आहेत, हर्षदा."

"सारिका शेलार त्यात नाही."

त्या संध्याकाळी तिनं विमलताईंना फोन केला आणि मांडण्या का मोकळ्या ठेवल्या होत्या ते काही न लपवता सांगितलं. मग विमलताई म्हणाल्या, "बांधायच्या कशा, तेवढं सांगा."

हर्षदानं सांगितलं. मांडणीच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंनी लोखंडी काटकोनी पट्टी, भिंतीत खोलवर स्क्रू, जड डबे खालच्या कप्प्यात. आठवडा संपायच्या आत आंबेघळची एकही मांडणी मोकळी राहिली नाही.

नगरकर संतापले. तिला कामावरून काढण्याची भाषा झाली. पण केंद्र किती बहिरं झालंय ते आधी मोजायला हवं होतं, आणि ते मोजायला तीच हवी होती. दुपारी दोघं पडद्यासमोर बसले. सगळ्या रेषा शांत असतील अशी तिची अपेक्षा होती.

त्या शांत नव्हत्या. निम्म्याहून अधिक रेषा संथपणे झुलत होत्या, पूर्वीपेक्षा जास्त.

"भूकंप?" नगरकर पुटपुटले.

"नाही. बाकी यंत्रं गप्प आहेत." तिनं घळीतल्या वाऱ्याची नोंद शेजारी लावली. वाऱ्याचा झोत वाढला की रेषा झुकत होत्या, झोत ओसरला की परत येत होत्या. "हा वारा आहे, सर."

"घरातली मांडणी वाऱ्यानं कशी डोलेल?"

"मांडणी नाही डोलत." हर्षदानं झुलणाऱ्या एका रेषेवर बोट ठेवलं. "मोकळी होती तोवर ती स्वतःचं डोलणं सांगत होती. आता ती भिंतीला बांधलीय. आता ती भिंतीचं सांगतेय."

नगरकरांना अर्थ लागला. वर्षानुवर्षांच्या लहानमोठ्या हादऱ्यांनी त्या दगडमातीच्या भिंती छपराच्या वाशांपासून सुटल्या होत्या. बाहेरून गिलावा धड दिसत होता, आत मात्र भिंत नुसत्या स्वतःच्या वजनावर उभी होती. आणि अशा भिंतींना हर्षदानं भरलेल्या मांडण्या जखडायला लावल्या होत्या. भिंत आत कोसळली, तर मांडणीही तिच्यासोबतच येणार होती.

"मोठ्या धक्क्यामागून येणारे धक्के अजून संपलेले नाहीत," नगरकर म्हणाले. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. "फोन कर. नाही, तू नीघच. माझी गाडी घे."

गावात पोचल्यावर विमलताईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. "परवा म्हणालात बांधा. आज म्हणता घरं सोडा. उद्या काय म्हणाल, गाव सोडा? लोकांनी किती ऐकायचं तुमचं?"

हर्षदानं वाद घातला नाही. ती त्यांना सारिकाच्या घराच्या पडवीत घेऊन गेली आणि त्यांचा तळवा भिंतीवर, वाशांच्या खाली, दाबून धरला. वाऱ्याचा झोत आला तशी भिंत तळव्याखाली हलली. विमलताईंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

दिवस मावळायच्या आत सगळा गाव शाळेच्या पटांगणात ताडपत्र्यांखाली आला. सारिकाला खाटेसकट उचलून आणलं.

धक्का दुसऱ्या दिवशी भर दुपारी आला. पटांगणात बसल्या जागी माणसं एकमेकांना धरून राहिली. खालच्या आळीतून आधी एक घरघर ऐकू आली, मग एकामागून एक धपधप आवाज, आणि मग धुळीचा लोट. धूळ बसली तेव्हा सारिकाच्या घराची मागची भिंत नव्हती. जिथं तिची खाट असायची तिथं दगडांचा ढीग होता आणि त्यातून मांडणीचा एक लोखंडी पाय वर आला होता. पट्टी आणि स्क्रू जागच्या जागी होते. पट्टीनं मांडणी सोडली नव्हती, मांडणीनं भिंत सोडली नव्हती.

कुणीतरी रडायला लागलं. विमलताई माणसं मोजत फिरत होत्या. एकही कमी नव्हतं.

हर्षदाचा फोन वाजला. पलीकडे नगरकर होते.

"सगळे ठीक?"

"सगळे बाहेर होते, सर. शहरात?"

"शहर वाचलं. हर्षदा, ऐक, आजवरची सगळ्यात लवकर सूचना आज मिळाली. सुटलेल्या भिंती अग्रलहरीवर मोकळ्या मांडण्यांपेक्षाही जास्त डोलल्या. आणि रेषा इतक्या स्वच्छ! कुणाची ये-जा नाही, डबे काढणं नाही, दारं आपटणं नाही. निम्मा गोंगाट माणसांचाच होता, हे आपल्या लक्षातच..."

ते मध्येच थांबले. आपण काय बोलून गेलो ते त्यांचं त्यांनाच कळलं असावं.

"म्हणजे रिकाम्या पत्र्याच्या शेडमध्ये दगड भरून मांडण्या उभ्या केल्या असत्या," हर्षदा सावकाश म्हणाली, "तर त्यांनी जास्त चांगलं काम केलं असतं."

"हो."

"मग आपण त्या लोकांच्या स्वयंपाकघरात का ठेवल्या, सर?"

"तिथं वीज होती," नगरकर म्हणाले. "छप्पर होतं. जागा आयती होती."

तिनं फोन ठेवला. सारिका खाटेवरून तिच्याकडे पाहत होती.

"काय म्हणतात साहेब?"

हर्षदा तिच्या उशाशी बसली आणि खरं तेच सांगितलं. सारिकानं सगळं ऐकून घेतलं. मग प्लास्टरवर बसलेली धूळ तिनं हातानं हळूहळू झटकली.

"म्हणजे तिथं आमी नसतो तरी चाललं असतं," ती म्हणाली. "एवढी शिकलेली माणसं तुम्ही. हे आधी एकालाबी सुचलं नाही?"