दोन सावल्या आणि पितळी परात

भिंगरी मधेच थांबली. आबांचा हात तिच्या हातात होता, म्हणून आबाही थांबले. पलंगापासून जेवणाच्या टेबलापर्यंतची वाट अर्धी झाली होती.

"थांबा. निरोप आला नाही," भिंगरी म्हणाली आणि गप्प झाली.

भिंगरी म्हणजे चाकांवरची मदतनीस. उंची कमरेएवढी, हात एकच, पण मऊ. जागच्या जागी गिरकी घेते म्हणून शर्वरीनं तिचं नाव भिंगरी ठेवलं. त्या वर्षांत परभणीत घरोघरी अशी यंत्रं येऊ लागली होती. कुणाकडे ती भांडी लावत, कुणाकडे बाळाचा पाळणा हलवत. या घरातली भिंगरी आबांना वाट दाखवायची. आबा म्हणजे शर्वरीच्या आईचे वडील. सगळं आयुष्य त्यांनी रेडिओ दुर्बिणीतून (डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीतून) ताऱ्यांचा माग काढण्यात घालवलं. आता त्यांची नजर गेली होती. याच वर्षी ते पुण्याहून लेकीकडे राहायला आले होते.

शर्वरीनं भिंगरीला हातभर पुढं ढकललं. भिंगरीच्या कपाळावरचा हिरवा दिवा लागला आणि ती काहीच झालं नाही अशी चालू लागली.

कालही हेच झालं होतं. तेव्हा आई व्हिडिओ कॉलवर मामाशी बोलत, फोन हातात धरून आबांच्या मागून चालली होती. मामानं पुण्यातून सगळं पाहिलं.

"अगं, आंधळ्या माणसाला भर वाटेत उभं करून ठेवतंय ते! परवा महालक्ष्म्यांच्या जेवणाला येतोय मी. माझ्यासमोर पुन्हा थांबलं, तर आबांना सरळ पुण्याला घेऊन—"

इथं मामाही थांबला. तोंड उघडं, बोट वर. चित्र गोठलं आणि कॉल तुटला.

आबांना पुण्याला जायचं नव्हतं. ते तसं बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "गेला का तो?"

आज महालक्ष्म्या घरात आल्या. मामा उद्या दुपारी येणार होता.

"आबा, भिंगरी बिघडली का हो?" शर्वरीनं विचारलं. ती पाचवीत होती आणि तिच्या आवाजात रडू दडलेलं होतं.

आबा पलंगावर बसले. "काल भिंगरी थांबली तेव्हा आणखी कोण थांबलं?"

"मामा."

"मग मामा पण बिघडला का?"

शर्वरीला हसू आलं. "तो तर नेहमीच!" मग ती थबकली. "म्हणजे दोघांचं एकच काहीतरी बिघडलंय. वायफाय!"

"बरोबर. भिंगरीचं डोकं भिंगरीत नाही. ते दूरच्या एका मोठ्या संगणकात आहे. समोर काय दिसतंय ते ती राउटरला (घरभर लहरींतून निरोप वाटणाऱ्या पेटीला) कळवते. पेटी ते पुढं धाडते आणि उत्तर आणते, की चल, वळ, थांब. उत्तर आलं नाही तर जागीच उभं राहायचं, असं तिला शिकवलेलं आहे. अंदाजानं पुढं जाऊन तिनं मला पाडलं तर?"

"म्हणजे ती शहाणीच आहे."

"शहाणी आहे. तिला निरोप का मिळत नाही, ते शोधायचं. सांग, ती ठरावीक वेळी थांबते की ठरावीक जागी?"

पाहिल्याशिवाय कसं सांगणार?

शर्वरीनं रांगोळीची वाटी घेतली. भिंगरीला घरभर फिरवलं आणि जिथं जिथं ती थांबली तिथं फरशीवर एक ठिपका ठेवला. एक ठिपका सोफ्याजवळ. दोन टेबलाच्या वाटेवर. एक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी. पुन्हा फिरवलं, तर भिंगरी त्याच ठिपक्यांवर थांबली.

"जागेचं आहे, आबा! वेळेचं नाही."

आई पदर खोचून बाहेर आली. तिच्या हाताला बेसन लागलं होतं. "मला विचारा की. लक्ष्मीची पावलं काढलीत ना मी, उंबऱ्यापासून आतपर्यंत? पावलांवरून कशी जाईल ती? यंत्र असलं म्हणून काय झालं, रीतभात आहे तिला."

"असेलही," आबा म्हणाले. "पावलं पुसू नका. वर सतरंजी अंथरून बघा."

सतरंजी अंथरली. भिंगरी थांबायची तिथंच थांबली. शिवाय सोफ्याजवळ तर पावलं नव्हतीच.

"मग तुझा तो मायक्रोवेव्ह असेल," शर्वरी आईला म्हणाली. "त्यातूनही लहरी सांडतात, असं आम्हाला शाळेत सांगितलंय. मी तो बंद करते आणि राउटरही बंद-चालू करते."

"एका वेळी एकच," आबांनी बोट वर केलं. "दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा, हे कळायचं कसं?"

आधी मायक्रोवेव्ह बंद केला. फरक नाही. मग राउटर बंद करून पुन्हा सुरू केला. तरी फरक नाही. दर वेळी भिंगरीला नव्या वाटेनं फिरवलं, तेव्हा ठिपके मात्र वाढत गेले. सतरंजी आधीच काढली होती; आता लक्ष्मीच्या पावलांच्या आजूबाजूला पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडलेला होता.

दिवेलागण झाली. आई समईत तेल घालू लागली. काम करताना ती आपसूक ओवी म्हणायची. तिला कुणी ऐकतंय, हे तिच्या गावीही नसायचं.

*दिवा लाविला कोनाड्यात, पुढं ठेविली घागर,*
*सावली पडली बाई, घागरीहून गं थोर...*

शर्वरी ठिपक्यांकडे बघत उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, पुन्हा म्हण ना."

"काय म्हणू?"

"तेच, घागरीचं."

आईनं पुन्हा म्हटलं. शर्वरीनं मान वर केली आणि महालक्ष्म्यांकडे पाहिलं.

मराठवाड्यात पुष्कळ घरी महालक्ष्म्या पत्र्याच्या कोठ्यांवर उभ्या करतात. कोठी म्हणजे धान्याचं उभं पिंप. आत गहू-तांदूळ भरायचे, बाहेरून जरीची साडी नेसवायची, वर मुखवटा बसवायचा. एक ज्येष्ठा, एक कनिष्ठा, दोघी बहिणी. या घरात दरवर्षी त्या आतल्या कोपऱ्यात बसत. यंदा त्या कोपऱ्यात आबांचा पलंग आला होता. म्हणून आईनं महालक्ष्म्या या भिंतीशी बसवल्या. राउटर याच भिंतीला, कमरेच्या उंचीवर ठोकलेला होता. आता तो दोघींच्या पाठीमागे, मखराच्या झिरझिरीत पडद्याआड गेला होता.

"आबा, कोठ्या कधी उतरवल्या माळ्यावरून?"

"परवा सकाळी. उतरवून लगेच त्या भिंतीशी ठेवल्या, खणखणाट ऐकला मी."

"आणि भिंगरी परवा दुपारपासून थांबायला लागली!"

आबांच्या भुवया वर गेल्या.

शर्वरीनं दिवे मालवले. बॅटरी हातात घेतली, आपला बारीक हात पडद्याच्या कडेनं आत सरकवला आणि बॅटरी बरोब्बर राउटरच्या डोक्यावर ठेवून पेटवली.

दोन लांब सावल्या फरशीवर पसरल्या. महालक्ष्म्यांच्या पायापाशी त्या अरुंद होत्या आणि पुढं पुढं पदर सोडावा तशा रुंदावत गेल्या होत्या. दोन्हींच्या मधून उजेडाची एक पट्टी गेली होती. रांगोळीचे सगळे ठिपके त्या सावल्यांमध्ये होते. उजेडाच्या पट्टीत एकही नव्हता.

"आबा," शर्वरी म्हणाली. तिनं त्यांचा हात धरून त्यांना ठिपक्या-ठिपक्यांवरून चालवत नेलं आणि प्रत्येक जागी सांगितलं, "इथं सावली. इथं सावली. इथं उजेड. इथं पुन्हा सावली."

आबांना ते सगळं दिसलं. कसं, ते सांगता येत नाही, पण दिसलं.

"वायफायची लहर आणि उजेड या सख्ख्या बहिणी," ते म्हणाले. "दोघींनाही विद्युतचुंबकीय लहरी (वीज आणि चुंबक यांच्या जोडीनं उठणाऱ्या लाटा) म्हणतात. फरक लांबीचा. म्हणजे लाटेच्या एका शेंड्यापासून दुसऱ्या शेंड्यापर्यंतच्या अंतराचा. उजेडाचं हे अंतर इतकं लहान, की केसाच्या जाडीत शंभरएक लाटा मावतील. वायफायची लाट साधारण तुझ्या पंजाएवढी."

"म्हणजे वायफाय ज्येष्ठा आणि उजेड कनिष्ठा!"

"छान. कनिष्ठेला आपले डोळे ओळखतात, ज्येष्ठेला नाही. ज्येष्ठा साडीतून जाते, लाकडातून जाते, विटांच्या भिंतीतूनही जाते, जरा दमून. पण पत्रा आडवा आला की अडते. धातूत इलेक्ट्रॉन (विजेचे अतिसूक्ष्म कण) मोकळे हिंडत असतात. लहर आली की ते तिच्या तालावर डोलू लागतात आणि तिला आल्या वाटेनं परत फेकतात. याला परावर्तन म्हणतात. मग कोठीपुढं काय उरतं?"

"सावली. न दिसणारी."

"कडेनं थोडी लहर वळून आत येते. पण भिंगरीला निरोप नीट वाचता येईल एवढी नाही."

आई समईजवळच उभी होती. ती म्हणाली, "कळलं सगळं. पण आता काय करता? महालक्ष्म्या बसल्या. विसर्जनापर्यंत त्यांना जागेवरून हलवायचं नसतं. आणि पेटी भिंतीत ठोकलेली. सणाचा कोण येतोय ती काढायला?"

शर्वरीचा चेहरा पडला. कारण सापडलं म्हणजे काम झालं, असं तिला वाटलं होतं. उद्या मामा येणार होता आणि सावल्या तिथंच असणार होत्या.

मग तिनंच विचारलं, "आबा, पत्रा लहरीला परत फेकतो ना? मग तो तिला दुसरीकडे नाही का फेकू शकणार?"

आबा मोठ्यानं हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "अगं, मी आयुष्यभर दुसरं काय केलं? आमची दुर्बीण म्हणजे तरी काय, एक प्रचंड परात!"

परात म्हटल्यावर दोघांची तोंडं आईकडे वळली.

"अजिबात नाही," आई म्हणाली. "उद्या पुरणपोळ्यांची कणीक कशात भिजवू? तुमच्या डोक्यावर?"

पण थोड्या वेळानं तिनंच मोठी पितळी परात आणून दिली. सणासाठी चिंच लावून घासलेली, लख्ख. वर्षानुवर्षं कणीक मळून तिचं बूड बाहेर फुगलं होतं.

शर्वरीनं ती समोरच्या शोकेसवर, जिथं बॅटरीचा उजेड पोचत होता तिथं, उशीला टेकवून उभी केली. खोलगट बाजू पुढं. फरशीवर उजेडाचा एक लहानसा ठिपका पडला.

"खोलगट बाजू गोळा करते," आबा म्हणाले. "आम्हाला दूरच्या ताऱ्याची इवलीशी लहर गोळा करायची असायची. तुला काय करायचंय?"

"पसरायचंय." तिनं परात उलटी केली. फुगीर बुडावरून उजेड पसरला. ती परात थोडी डावीकडे, थोडी खाली करत गेली. होता होता दोन्ही सावल्यांवर, पलंगापासून टेबलापर्यंत, एक फिकट पिवळा उजेड आला.

"बरं झालं आईनं परात घासली."

"कनिष्ठेसाठी बरं झालं. ज्येष्ठेला घासली काय, न घासली काय, सारखंच. तिची लाट एवढी मोठी, की बारीकसारीक डाग तिला जाणवतच नाहीत. आमच्या दुर्बिणीची परात तर तारेच्या जाळीची होती. जाळीची भोकं लाटेपेक्षा पुष्कळ लहान असली, की लाटेला ती भिंतच वाटते."

बॅटरी काढली. दिवे लावले. भिंगरी आबांना घेऊन निघाली. पहिला ठिपका गेला, दुसरा गेला. तिच्या कपाळावरचा दिवा हिरवा तो हिरवाच राहिला.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. आईनं पहाटेच उठून शर्वरीचे ठिपके जोडले होते. त्यांची लांबच लांब वेल झाली होती, दोन महालक्ष्म्यांच्या पायांपासून निघून पसरत गेलेली. मामा आला तो आबांची रिकामी बॅग घेऊनच.

"पानं मांडलीत, आबांना आणा," आईनं हाक मारली.

भिंगरी निघाली. मामा शोकेससमोर हाताची घडी घालून उभा राहिला. आबांचा हात धरून ती वेलीपाशी आली, आणि थांबली.

"थांबा. निरोप आला नाही."

मामानं बॅगेची चेन उघडली.

शर्वरीनं भिंगरीकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, मग मामाकडे. "मामा, दोन पावलं मागं सरक."

"कामून?"

"सरक तर."

मामा मागं सरकला. भिंगरी चालू लागली. मामानं पुढं येऊन पाहिलं, तर भिंगरी उभी. मागं गेला, तर चालू. तो पुन्हा पुढं आला, पुन्हा मागं गेला. भिंगरी थांबत होती, निघत होती, आणि तिच्याबरोबर आबा. जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"अरे, मला झोपाळ्यावर बसवलंयस का?" आबा म्हणाले. "जेवू दे की!"

"माझ्यामुळं होतंय हे?" मामानं स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी असतं," शर्वरी म्हणाली. "पाणी लहर पिऊन टाकतं. परातीपुढं उभा राहिलेला तू म्हणजे एक भरलेली घागर आहेस."

"मोठी घागर," आई आतून म्हणाली.

मामा भिंतीला चिकटून उभा राहिला. भिंगरी आबांना घेऊन वेलीवरून गेली, पानापाशी पोचली आणि गिरकी घेऊन बाजूला झाली. रांगोळीवर तिच्या चाकांच्या दोन रेघा उमटल्या होत्या. कुठंही न अडखळलेल्या, सरळ. रांगोळी विस्कटली म्हणून आई रागावली नाही.

पुरणपोळीवर तूप वाढलं जात असताना शर्वरीनं विचारलं, "आबा, चंद्राच्या पलीकडच्या बाजूला पृथ्वीवरची लहर जाते का?"

"नाही. चंद्रच आडवा येतो. त्या बाजूला चंद्राचीच सावली पडते. लहरींची सावली."

"मग तिथं घर बांधलं, तर परात कुठं टांगायची?"

आबांचा घास हातातच राहिला. "चंद्राच्याही पलीकडं, आभाळात," ते म्हणाले. "जिथून पृथ्वीही दिसेल आणि ते घरही. नेमकी कुठं, ते तू शोध. मी इथंच आहे."

मामा खाली मान घालून जेवत होता. त्या दोन सरळ रेघांकडे त्यानं एकदा पाहिलं. मग बॅग पायानं सोफ्याखाली सरकवली आणि म्हणाला, "आबा, तुमचे हिवाळ्याचे कपडे पुण्यालाच राहिलेत. पुढच्या वेळी येताना घेऊन येतो."