उन्नतीताईच्या गाडीची गळती

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मला काही सिद्ध करायचं नाही. माझे संतोषकाका, म्हणजे मावशीचे मिस्टर, यांच्यासोबत हे घडलं. तो माणूस साधी शपथसुद्धा उगाच घेत नाही. यंदाचा मार्च महिना. उल्हासनगर. आणि रात्र वगैरे नाही...

भर दुपारी.

काका राहायला अंबरनाथला, बुवापाड्यात. गॅरेज उल्हासनगरात. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांना हात लावणारे इकडे थोडेच, त्यामुळे बदलापूरच्या गाड्याही त्यांच्याकडे यायच्या.

तशीच उन्नतीताईची यायची. बदलापुरात शिरगावला राहणारी, शाळेत शिकवणारी. डावा पाय लहानपणापासून अधू, म्हणून बिनक्लचची गाडी. जुनीच, पण तिचा फार जीव.

"संतोषदादा, हिला काही होऊ देऊ नका. ही आहे म्हणून मला कुणाचं तोंड बघावं लागत नाही."

जानेवारीत ती गेली. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये हीच गाडी मागे आली आणि उन्नतीताई भिंतीशी चिरडली गेली. काकांच्या कानावर एवढंच आलं होतं.

मार्चमध्ये तिचा नवरा समीर गाडी घेऊन आला.

"गिअरचं तेल गळतंय. नीट करून द्या, विकून टाकायचीय."

काका गाडीखाली शिरले. जमिनीवर लाल तेल पडत होतं.

टप... टप...

"ह्याच लीकेजने घात केला तिचा," वरून समीरचा आवाज आला. "तेल गेलं, गिअर सुटला, गाडी मागे आली. पोलिसांनाही तेच सांगितलं. मॅटर खतम."

काका खालीच थबकले.

उन्नतीताई गेली त्याच आठवड्यात गाडी त्यांच्याकडे येऊन गेली होती. खालून ठणठणीत कोरडी. आणि गिअरचा दांडा 'पार्क'वर टाकून लावलेली ऑटोमॅटिक गाडी आतल्या लोखंडी खिळीवर उभी असते. सगळं तेल सांडलं तरी ती जागची हलत नाही.

मग हा खोटं का बोलतोय?

काका गाडीखालून बाहेर आले. "ठेवून जा," एवढंच म्हणाले.

त्यांनी गिअरबॉक्सखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. सील आणायला स्पेअर पार्ट विकणाऱ्या सिंधी जितेशच्या दुकानात गेले.

"साईं, हा माल आता कोण मागतो?" जितेश हसला. "भंगार में डाल दे ना!"

नवीन सील, नवीन गॅस्केट. तेल भरलं. खाली कोरा पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठा तसाच कोरा.

काम झालं म्हणून काकांनी समीरला बोलावलं. त्याने गॅरेजात पाऊल टाकलं आणि...

टप.

पुठ्ठ्यावर लाल थेंब.

काकांनी एकेक सांधा फडक्याने पुसून पाहिला. कुठेच ओल नाही. तेल मोजायची पट्टी काढली. तेल पुरेपूर होतं, कणभरही कमी नाही.

मग हे गळतंय कुठून?

"काय काम करता हो तुम्ही?" समीर चिडून निघून गेला.

तो गेला... आणि थेंब थांबले.

काका गाडीत बसायला गेले तर गुडघे स्टीअरिंगला आपटले. सीट पुढे ओढलेली होती. उन्नतीताई बुटकी, ती अशीच बसायची. काकांनी सीट मागे सरकवली, दारं लॉक केली आणि जेवून आले.

सीट पुन्हा पुढे होती.

काकांनी तडक समीरला फोन केला. "गाडी घेऊन जा. मला नाही जमायचं."

तो आला तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. काकांना राहवलं नाही.

"समीरसाहेब, खरं सांगा. त्या दिवशी गाडीत कोण बसलं होतं?"

समीरचा चेहरा पांढराफटक पडला. "कोणी नाही! सांगितलं ना, लीकेज होतं!"

टप... टप... टप...

"आधी तो आवाज बंद करा!" तो ओरडला. गाडीच्या मागे गेला आणि वाकून खाली बघू लागला. त्याच्या पाठीशी गॅरेजची भिंत होती.

गाडी बंद. हँडब्रेक ओढलेला. चावी काकांच्या खिशात.

आणि आतून आवाज आला...

खट्ट.

गिअरचा दांडा रिव्हर्सला पडल्याचा आवाज. आयुष्यभर ऐकलेला.

गाडी मागे निघाली. हळूहळू. एखादी बाई सांभाळून, आरशात बघत मागे घेते ना... तशी.

समीरने मान वर केली. मागच्या काचेतून त्याला आत काय दिसलं, कोण जाणे.

"उन्नती, नको! चुकलो मी! उन्नतीऽऽ!"

मग भिंत.

शेजारपाजारचे धावले. सगळ्यांनी मिळून रेटा दिला तरी गाडी तसूभर ढळेना. समीरची शुद्ध हरपली, तेव्हा कुठे ती सैल झाली. तो वाचला. पण दोन्ही पायांचा चुरा झाला.

पोलिसांनी काकांना विचारलं, "लीकेजमुळेच झालं ना?"

हो म्हटलं असतं तर काका तिथल्या तिथे सुटले असते. नाही म्हटलं तर संशय त्यांच्यावरच. चावी त्यांच्या खिशात होती आणि गॅरेजात दुसरं कोणी नव्हतं.

"नाही साहेब," काका म्हणाले. "गाडी गळत नव्हती. आज नाही... आणि जानेवारीतही नाही."

उन्नतीताईची फाईल पुन्हा उघडली.

काही दिवसांनी तिची आई, इंदुबाई, गॅरेजवर आली. म्हणाली, "आता शांत झाली असेल ना हो माझी पोर?"

काकांनी होकारार्थी मान हलवली. दुसरं काय करणार?

पण खरं त्यांनी तिला सांगितलं नाही. ते मला सांगितलं.

ती गाडी टोइंगवाल्याने पोलीस स्टेशनच्या आवारात आणून लावली, तेव्हा तिचं तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे होतं. काका जबाबासाठी जातात तेव्हा त्यांना ती दर वेळी थोडी वळलेली दिसते. हवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, "आम्ही कशाला हात लावतोय?"

परवा काका गेले, तेव्हा तिचं तोंड थेट गेटकडे होतं.

गेटसमोरचा रस्ता सरळ हॉस्पिटलला जातो.

समीर अजून तिथेच आहे.