खाली खरा, वर खोटा

"टर्बो अशक्त. घाटबंदी!" असं म्हणून अचूक जीपच्या काचेवर लाल पट्टी चिकटवायला निघाला, तशी कृत्तिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अचूक हा घाटमाथ्याच्या तपासणी केंद्रातला यंत्रमानव. नाव अचूक आणि ऐट अशी, की जणू ब्रह्मदेवाचा मुनीम! जीप होती उल्काआत्याची. आत्या गुरांची डॉक्टर. वरच्या कातळवाडीत एक गाय अडली होती, वासराचा पाय आडवा आला होता, आणि या डबड्याला पट्टी चिकटवायची घाई!

डोंगरावर हवा विरळ असते. इंजिनाला ती पुरत नाही, म्हणून टर्बो (इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा) हवा दाबून आत भरतो. ती किती दाबली, हे बूस्टमापक (जादा दाब दाखवणारं काट्याचं उपकरण) सांगतो. आत्याने कालच रत्नागिरीच्या बाजारातून नवा मापक आणून बसवला होता. तिथे काटा झोकात हिरव्या पट्ट्यात जात होता. इथे केंद्राच्या रोलरवर (चाकं जागच्या जागी फिरवणाऱ्या रुळांवर) जीप पळवली, तर हिरव्याच्या अलीकडेच अडला.

"एका रात्रीत टर्बो म्हातारा झाला का?" कृत्तिका कडाडली.

"काटा खोटं बोलत नाही," अचूक शांतपणे म्हणाला.

आत्याने चिडून इंजिन बंद केलं. कृत्तिका काट्याकडे रागाने बघत राहिली आणि एकदम ओरडली, "आत्या, काटा शून्याच्या खाली आहे! बंद इंजिनात टर्बो कुठला? मग तो शून्यावरच हवा ना!"

आत्याचे डोळे चमकले. "बघ हं. मापक इंजिनाकडून आलेल्या नळीतल्या हवेची तुलना कशाशी तरी करतो. कशाशी?"

कृत्तिकाने इकडेतिकडे पाहिलं. मागच्या सीटवर फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचं पाकीट होतं. रत्नागिरीत चपटं होतं, आता टम्म फुगलं होतं.

"पाकिटात खालची हवा कोंडली आहे," ती सावकाश म्हणाली. "वर बाहेरचा दाब कमी, म्हणून ते फुगलं. मापकाची डबीही बंदच आहे! तिच्यात रत्नागिरीची हवा आहे. तो इथल्या हवेला तिथल्या मापाने मोजतोय!"

"शाब्बास! काटा शून्याच्या जेवढा खाली, तेवढाच प्रत्येक आकडा कमी," आत्या म्हणाली आणि तिने डबीवरचं रबरी बूच ओढलं. फुस्स! काटा सरकत बरोबर शून्यावर आला.

जीप पुन्हा रोलरवर चढली. काटा थेट हिरव्यात!

"टर्बो सशक्त," अचूक म्हणाला. "माझी तपासणी अपुरी होती."

"मग त्यांचं काय?" कृत्तिकाचा राग उतरला नव्हता. अंगणात लाल पट्टीच्या गाड्यांची रांग उभी होती. एकीत दुधाच्या बरण्या, दुसरीत कुणाचे तरी थकलेले आजोबा. "त्यांनाही असंच अडवलंस? काट्याला प्रश्न विचारायचा नाही, हे कोणी शिकवलं तुला?"

अचूक रांगेकडे वळला. जीप कातळवाडीच्या चढाला लागली.

"गेला का राग?" आत्याने विचारलं.

"गाय मोकळी झाली, की जाईल," कृत्तिका म्हणाली आणि तिने आरशात पाहिलं. मागे अचूक रांगेतल्या पहिल्या गाडीपाशी वाकून सांगत होता, "आधी इंजिन बंद करा. काटा कुठे आहे, ते बघू."