खालून कापलेली पत्रं

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं. भर दुपारी, पावणेतीन वाजता, तिच्या वडिलांच्या अभ्यासाच्या खोलीत.

तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. तिचे वडील, म्हणजे आमचे काका, जुन्या विधींचे आणि लोककथांचे मोठे अभ्यासक. मागच्या वर्षी गेले. शेवटी शेवटी नर्सलाच विचारायचे, "माझं नाव काय हो?"

आम्ही म्हटलं, वय झालं.

त्यांचं अर्धवट राहिलेलं पुस्तक ताई पुरं करत होती. त्यासाठी तिने पत्रांची पेटी उघडली.

दुसऱ्या गावात एक बाई होत्या, याच विषयातल्या. दोन्ही घरांत तीस वर्षं पत्रव्यवहार. काका म्हणायचे, "बाई कसली अभ्यासक! नुसती टिपणं उतरवून पाठवते."

ताईने पहिलं पत्र काढलं.

खालचा भाग कापलेला. सही असते नेमका तेवढाच.

दुसरं... तिसरं... सगळी तशीच.

आणि मजकूर? काकांच्या गाजलेल्या पुस्तकातला. शब्द न् शब्द.

तळाशी एक पाकीट होतं... न फोडलेलं. तारीख तीन वर्षांपूर्वीची, बाई गेल्या त्याच आठवड्यातली. ताईने ते फोडलं.

"सर, एक विधी तुमच्या संग्रहात नाही. ज्याने आपलं नाव चोरलं, त्याचं नाव कागदावर लिहायचं आणि कापायचं. आधी ते तो स्वतः विसरतो, मग हळूहळू त्याची माणसं. तुमचं मी कालच कापलं. हा विधी खुशाल छापा. माझी सही मात्र राहू द्या. यापुढे जो ती कापेल, त्याच्यासाठी मला कात्री घ्यावी लागणार नाही."

मावशी चहा घेऊन वर आली. तिनेही पत्र वाचलं.

"मला संशय होताच गं. बाईंच्या मुलीला आजच्या आज कळव. पुस्तकावर बाईंचं नाव घाल."

"आणि बाबांना चोर ठरवू?" ताई तडकली. "झाकली मूठ सव्वा लाखाची, आई! हा विधी छापला की पुस्तक कसं गाजतं बघ."

तिने काकांची कात्री उचलली.

कच.

सहीचा तुकडा तिने चुरगाळून टोपलीत टाकला. कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली.

कच...

मावशीनेही ऐकलं. ड्रॉवर बंद होता.

संध्याकाळी ताई बघते तर तिच्या प्रस्तावनेचं शेवटचं पान खालून कापलेलं. तिचं नाव होतं तेवढंच. कपाटात, कुलपात ठेवलेला तिचा प्रबंध काढला... त्याचं पहिलं पानही तसंच.

आता मात्र ताईची पाचावर धारण बसली. तिने रडत रडत बाईंच्या मुलीला पत्र लिहिलं. सगळं कबूल केलं, माफी मागितली, ठळक सही केली. पाकीट मावशीसमोर चिकटवलं. पोस्टाच्या पेटीत टाकायला मीच गेले होते.

आठ दिवसांनी उत्तर आलं.

"आपलं पत्र मिळालं. आईची फार आठवण आली. पाकिटावर पत्ता आहे, पण पत्र खालून कापलेलं आहे. आपण कोण?"

पुस्तक तिथेच थांबलं.

परवा मी तिकडे गेले होते. मावशीने मला दारातच धरलं आणि कुजबुजली, "खिडकीशी बसलीये ना, ती बाई कोण गं? केव्हाची घरात आहे."

"असं काय करतेस मावशी? तुझी लेक ना ती!"

"हो? नाव काय तिचं?"

ताईने मान वळवली. तिचे डोळे सुजले होते.

"सांग ना गं," ती म्हणाली. "काय नाव माझं?"

मी तोंड उघडलं...

शाळेत असताना तिच्या वह्यांवर तिचं नाव घालायला मी हट्ट करायचे. वह्यांचे रंगसुद्धा आठवले. नाव आठवेना. काकांचंही नाही.

लहानपणापासून ताई म्हणायची सवय, म्हणून असेल, अशी मी मनाची समजूत घालते. पण रोज सकाळी उठल्या उठल्या आधी स्वतःचं नाव मोठ्याने म्हणून बघते.