फोटोत नसलेला माणूस

बोलघेवड्याची जुनी वेबसाइट म्हणजे लग्नाच्या मांडवाला लाजवेल असा प्रकार होता. गुलाबी पाटी, त्यावर हिरवी अक्षरं आणि वरून सरकत जाणारं ‘सुस्वागतम’. डाउनलोडचं बटण इतकं तळाला, की चांगले डोळे असलेल्यालाही सापडू नये. मग ज्यांना दिसतच नाही, त्यांनी काय करायचं?

बोलघेवडा म्हणजे मोबाइल आणि कॉम्प्युटरवरचा मजकूर मराठीत वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. शुगरने आईची नजर गेली तेव्हा माझ्या धाकट्या भावाने, ज्ञानेशने, ते तिच्यासाठी लिहायला घेतलं आणि फुकटात सगळ्यांना खुलं करून टाकलं. आता गावोगावची माणसं आपापली नोकरी सांभाळून त्यात भर घालतात. पगार कुणालाच नाही, मतं मात्र प्रत्येकाला आहेत. साइट नव्याने करायचं ठरलं तेव्हा सगळे शहाणे गप्प बसले आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मी वाकडला एका कंपनीत टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते, त्यामुळे हिलाच धरा असं वाटलं असणार.

आमचा एक नियम आहे. साइटवरच्या प्रत्येक फोटोमागे त्याचं वर्णन लिहायचं. ते डोळस माणसाला दिसत नाही, पण बोलघेवडा ते अंध माणसाला वाचून दाखवतो. आणि आईने सगळी साइट ऐकून ‘चाललं’ म्हटल्याशिवाय ती लोकांपुढे जात नाही.

त्या रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन थेरगावला आईकडे गेले. ज्ञानेश तिच्याजवळच राहतो, पण त्या दिवशी त्याची चाकणला शिफ्ट होती. नुकताच सिलेंडरवाला येऊन गेला होता, आणि आईने त्याला बसवून चहा पाजला होता. कुणी दारात उभं राहिलेलं तिला खपतच नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाला खुर्च्या दोनच. एकीवर ती, एकीवर मी. डांगे चौकाकडून हॉर्न ऐकू येत होते. आईने कानात इयरफोन घातला आणि ‘बोलघेवडा कुणी बनवला’ या पानावरचा पहिला फोटो ऐकला. कंपनीच्या गेटवर हेल्मेट घेऊन उभा असलेला ज्ञानेश.

“अपे, ह्यो रस्त्यापल्याड कोन उभा हाय गं?”

“कुणी नाही. कंटेनर उभा आहे.”

“मानूस म्हनतोय त्यो. ऐक तू.”

मी तिच्या एका कानातला इयरफोन माझ्या कानात घातला. बोलघेवड्याचा तोच सपाट, समजूतदार आवाज. “ज्ञानेश कंपनीच्या गेटवर, हातात हेल्मेट. रस्त्यापलीकडे एक माणूस उभा आहे. तो ज्ञानेशकडे बघतो आहे.”

पहिलं वाक्य माझं होतं. पुढची दोन माझी नव्हती.

मी फाइल उघडली. तिथे माझं एकच वाक्य. दुसऱ्या कुणी हात लावला असता तर त्याचं नाव दिसलं असतं. नव्हतं. फोटो मोठा करून पाहिला. कंटेनर, त्याची सावली, धूळ. ज्ञान्याचाच आगाऊपणा, असं म्हणून मी दात-ओठ खाल्ले.

दुसरा फोटो कॅन्टीनमधला. “ज्ञानेश जेवतो आहे. एक माणूस दारात उभा आहे.”

तिसरा याच स्वयंपाकघरातला, दिवाळीत मीच काढलेला. “ज्ञानेश आणि आई टेबलापाशी. एक माणूस ज्ञानेशच्या खुर्चीमागे उभा आहे.”

ती खुर्ची म्हणजे मी बसले होते तीच. मी मागे वळून पाहिलं. फ्रिज, त्यावर दूधवाल्याने दिलेलं कॅलेंडर, बाकी काही नाही.

“जवळ यायलाय त्यो,” आई म्हणाली.

“आई, सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे. मी बघते.” माझं मलाच ते पोकळ वाटलं. मला भीती वाटत होती, खरं सांगायचं तर.

चौथ्या फोटोची चौकट रिकामी होती. मशीनसमोर उभा राहून साहेबांकडून काढून घेतलेला फोटो ज्ञानेश त्या दिवशी पाठवणार होता. फोटो नाही, वर्णन नाही, वाचायला काहीच नाही. मी लॅपटॉप मिटणार तेवढ्यात इयरफोनची पिन निसटली आणि आवाज उघड्यावर आला.

“ज्ञानेश मशीनसमोर. माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आहे.”

आईचा चेहरा पांढराफटक पडला. “फोन लाव त्याला.”

मशीनवर जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. रिंग वाजत राहिली. आईच्या दुखण्यापायी गेटवरच्या सिक्युरिटीचा नंबर माझ्याकडे होता. तो लावला आणि धडधडीत खोटं बोलले. “ज्ञानेशची आई सीरियस आहे. त्याला आत्ताच्या आत्ता गेटवर आणा.”

पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग कुणाची तरी पावलं लांब गेली. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

“ताई? काय झालं आईला?”

मी उत्तर द्यायच्या आत त्याच्या मागे कुठेतरी मोठा आवाज झाला. लोखंडाचा. मग माणसांचा आरडाओरडा.

रिसीव्हर तसाच टाकून तो आत धावला, आणि धापा टाकतच परत आला.

“क्रेनची साखळी तुटली गं ताई,” तो शेवटी म्हणाला. “माझ्याच मशीनवर पडलाय माल.”

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी त्याला आधी मिठी मारली आणि मग कारण नसताना ओरडले. आम्ही त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. आईने मात्र ठरवून टाकलं होतं. “त्याचं फोटू काढून टाक. माझा लाव तिथं.”

“वेडी आहेस का?” ज्ञानेश तिच्यावर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला.

मी एकूण एक फोटो उडवले. चौकटीही काढल्या. नुसता मजकूर आणि वरच्या बाजूला मोठं बटण. आईने सगळं पुन्हा ऐकलं. एकही वाक्य जास्तीचं नव्हतं. मग ती म्हणाली, “चाललं.”

साइट लोकांना आवडली. ज्ञानेशने मशीन बदलून घेतली. मीही हळूहळू ती दुपार बोलण्यातून काढून टाकली.

महिन्याभराने लातूरहून स्वरूपाचा फोन आला. ती आमच्यातलीच, जन्मापासून अंध, बोलघेवड्याचे उच्चार तपासते.

“ताई, आईंचा फोटो टाकलात ते फार बरं केलंत.”

“कुठला फोटो?”

“सगळ्यात खालचा. ‘आई टेबलापाशी. समोरच्या खुर्चीत एक माणूस बसला आहे. दोघे चहा घेत आहेत.’ पण त्या पाहुण्यांचं नाव का नाही लिहिलं?”

मी ऑफिसातून उठले ते थेट गाडीवर बसले. वाकडहून थेरगाव ते काय लांब, पण त्या दिवशी रस्ता सरत नव्हता.

दार नुसतं लोटलेलं होतं. ज्ञानेश शिफ्टला गेला होता. आई टेबलापाशी बसली होती. समोरची खुर्ची थोडी मागे ओढलेली, तिच्यापुढे चहाचा कप. कपातून वाफ येत होती.

“आई, कोण आलंय?”

तिने मान वळवली नाही.

“किती दिस उभं ठेवायचं गं मानसाला?” ती शांतपणे म्हणाली. “मीच म्हनलं, माझ्या लेकराच्या मागं मागं फिरू नगंस बाबा. हितं बस. मी हाय की.”

मी उंबऱ्यातच थांबले.

टेबलावरचा तिचा फोन उजळला. बोलघेवडा नेहमीच्या समजूतदार आवाजात बोलला.

“अपेक्षा दारात उभी आहे. बसायला खुर्ची रिकामी नाही.”